गुड्डा-गुड्डी फलकावर ५७७ चे १२११ झाले, फ्लेक्स छापू का?

खिडकी_क्र_३

नमस्कार मंडळी. मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. म्हणजे जन्म-मृत्यूचे दाखले, नमुना ८, घरपट्टी, आणि कोणाचा मोबाईल बिघडला तर तोही. गाव जळगाव जिल्ह्यात, वस्ती साधारण २६००.

आमच्या ग्रामपंचायतीच्या दारात गुड्डा-गुड्डी फलक आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: महिन्यात किती मुलगे झाले आणि किती मुली, ते त्यावर लिहायचं. कल्पना आमच्या जळगावचीच, नंतर ती 'बेटी बचाओ'मध्ये देशभर गेली. आमचा फलक मीच भरतो.

आता २६ जानेवारीची ग्रामसभा तोंडावर आली आहे. सरपंच ताईंनी दोन वर्षांचा हिशोब मागितला, तो मी काढला:

२०२३ : मुलगे २६, मुली १५. म्हणजे हजार मुलग्यांमागे ५७७ मुली.
२०२४ : मुलगे १९, मुली २३. म्हणजे १२११.

ताई खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, सहा बाय चारचा फ्लेक्स करा, वर मोठ्या अक्षरात 'मुलींचा जन्मदर ५७७ वरून १२११!', खाली माझा फोटो. फ्लेक्सवाल्याने डिझाईन पाठवलंसुद्धा. डावीकडे छोटी बाहुली, उजवीकडे मोठी, खाली आकडे.

मला गणित फारसं येत नाही, पण एक गोष्ट खटकते. गेल्या वर्षी याच ताईंना ५७७ वरून तालुक्याच्या मीटिंगमध्ये उभं करून बोलले होते. ताई घरी येऊन रडल्या होत्या. एका वर्षात गाव इतकं पापी होतं आणि पुढच्या वर्षी इतकं पुण्यवान, असं होतं का हो? मला तर गावात काहीच बदललेलं दिसलं नाही. बोअरवेलचं पाणी तेवढं खाली गेलं.

शनिवारी छापायला द्यायचं आहे. लावू का नको?

मठ्ठा_आणि_मिसळ

लावा की! चांगली बातमी आहे, उगाच किस काढत बसू नका. अभिनंदन ताईंचं.

कोरलचा_कारागीर

मी स्वतः फ्लेक्सचं काम करतो (नाशिक), म्हणून आधी आमच्या जातभाईची चूक सांगतो. तुम्ही डिझाईन इथे टाकलं नाही, पण काय झालं असेल ते मला आत्ताच दिसतंय. त्याने छोटी बाहुली कॉपी केली आणि कोपऱ्याला धरून ओढली, उंची दुप्पट होईपर्यंत. बरोबर ना? कोपऱ्याला धरलं की रुंदीही दुप्पट होते. ५७७ चे १२११ म्हणजे २.१ पट. बाहुलीने कागदावर अडवलेली जागा मात्र २.१ गुणिले २.१, म्हणजे जवळपास साडेचार पट. लांबून बघणारा माणूस आकडा वाचत नाही, बाहुली बघतो. मुली १५ च्या २३ झाल्या, म्हणजे दीडपट. भागाकार केला, दुपटीच्या वर गेलं. चित्र काढलं, साडेचार पट झालं. आणि यात कोणीही खोटं बोललेलं नाही, ही गंमत आहे.

बाहुल्या ठेवायच्याच असतील तर सगळ्या एकाच मापाच्या काढा आणि संख्या वाढवा. १५ मुली तर १५ बाहुल्या. फ्लेक्सवाला कुरकुर करेल, करू दे. कॉपी-पेस्टच आहे.

निवृत्त_अन्वेषक

खिडकीवाले, तुम्हाला खटकलं ते योग्य खटकलं. मी एकतीस वर्षं सरकारी सांख्यिकी खात्यात काढली, त्यातली बरीच जिल्ह्याच्या कार्यालयात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर मधे उठून चहा घेऊन या.

पहिली गोष्ट शब्दाची. 'मुलींचा जन्मदर' असं पेपरवालेही लिहितात, मंत्रीही म्हणतात, आणि ते चूक आहे. जन्मदर म्हणजे हजार लोकसंख्येमागे वर्षात झालेले जन्म. तुम्ही काढलंय ते जन्माच्या वेळचं लिंग गुणोत्तर. फ्लेक्सवर एवढा जड शब्द नको वाटत असेल तर सरळ 'किती मुलगे, किती मुली' लिहा.

आता मुद्दा. निसर्गात साधारण १०५ मुलगे जन्मले तर १०० मुली जन्मतात. आपल्या पद्धतीने मांडायचं तर हजारामागे ९५२. पण हे लाखो जन्मांचं सरासरी गणित आहे. तुमच्या गावाला वर्षाला ४१-४२ बाळं होतात. तेवढ्यात निसर्ग आपली सरासरी कुठून राखणार? कोणीही काहीही गैर केलं नाही तरी ४१ बाळांत मुली १४ ही होऊ शकतात आणि २६ ही. शंभरातली पंचाण्णव वर्षं त्या दरम्यान कुठेतरी असतील. आता १४ मुली आणि २७ मुलगे यांचा भागाकार करा: ५१९. आणि २६ मुली, १५ मुलगे: १७३३. म्हणजे निव्वळ नशिबाच्या खेळात तुमचा फलक ५१९ ते १७३३ फिरू शकतो. तुमचे ५७७ आणि १२११ दोन्ही त्याच अंगणात खेळताहेत. ताईंना उभं करून बोलणाऱ्यालाही काही कळत नव्हतं, आणि आता फोटो छापणाऱ्यालाही नाही.

पटत नसेल तर संध्याकाळी एक रुपयाचं नाणं घ्या. ४१ वेळा उडवा, छापा म्हणजे मुलगी. लिहून ठेवा. मग पुन्हा ४१ वेळा. दहा वर्षं करून बघा. मी नव्या लोकांना प्रशिक्षणात हेच करायला लावायचो. पहिल्यांदा हसायचे, चौथ्या फेरीनंतर गप्प व्हायचे.

हजारात मांडायची ही खोड आपल्याकडे जनगणनेतून आली आहे. तिथे ती शोभते. ४१ बाळांवर हजाराचं लेबल लावलं की वाचणाऱ्याला वाटतं, खरोखर हजार मुलगे मोजून हा आकडा आला.

बीडची_लेक

निवृत्त_अन्वेषक काका, तुमचं गणित बरोबर असेल, पण मला राग येतो. 'नशीब, नशीब' म्हणत प्रत्येक गाव सुटेल. आमच्या जिल्ह्यात काय झालं ते सगळ्या देशाने पाहिलं. सोनोग्राफीचं मशीन घेऊन फिरत होते लोक, पोटात मुलगी आहे का बघायला. तेव्हाही कोणीतरी म्हणालंच असेल की बाई, आकडे छोटे आहेत.

निवृत्त_अन्वेषक

ताई, राग रास्त आहे. म्हणूनच कुठला आकडा नशिबावर टाकायचा आणि कुठला नाही, हे कळायला हवं.

बीडचं बाल लिंग गुणोत्तर, म्हणजे ० ते ६ वयाच्या मुलांतलं, २००१ ला ८९४ होतं. २०११ ला ८०७. मोजलेली मुलं लाखांत होती. एक लाखच धरली तरी निव्वळ नशिबाने तो आकडा ९४० ते ९६५ च्या फारसा बाहेर जात नाही. ८०७ नशिबाने येत नाही. ९५२ मधून ८०७ वजा करा: हजार मुलग्यांमागे १४५ मुली नाहीत. तिथे 'योगायोग' म्हणणाऱ्याला मी माझ्या टेबलासमोर उभा केला नसता. खिडकीवाल्यांचा जळगावही काही सुटलेला नाही, २०११ ला ८४२ होता. सबंध राज्य १९९१ ला ९४६, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य आपलं, १९८८ सालीच. केंद्राचा कायदा १९९४ चा. आणि कायदा असताना हे आकडे असे उतरत गेले.

म्हणजे रोग जिल्ह्यात दिसतो, तालुक्यात अंधुक दिसतो, गावात दिसतच नाही. वर्षाला पाच हजार जन्मांचा तालुका असेल तर नशिबाची पट्टी साधारण ९०० ते १००५ होते. तिथे ८४० आला तर सोनोग्राफी केंद्रांचे कागद काढायला हरकत नाही. पण शिक्षा आणि सत्कार होतो गावच्या सरपंचाचा, कारण फलक गावात आहे.

जाता जाता, राज्याच्या आकड्याचीच एक गोष्ट. २०११ चे प्राथमिक आकडे आले तेव्हा राज्याचं बाल गुणोत्तर ८८३ होतं. नंतर अंतिम आकडे आले, ते ८९४. जनगणना एकच, मुलं तीच. पण मी एका कार्यक्रमात स्वतःच्या कानांनी ऐकलं, '८८३ वरून ८९४, अकराने सुधारणा!' टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत होतो, बोललो नाही. नोकरीत होतो.

मठ्ठा_आणि_मिसळ

पण काका, देशात आता बायका जास्त झाल्या ना? हजार पुरुषांमागे १०२० असं पेपरात आलं होतं. मग एवढी चिंता कशाला?

रत्नांग्री_फास्ट

याचं उत्तर मी देतो. आम्ही रत्नागिरीवाले या आकड्याचे जुने भुक्तभोगी आहोत. २०११ ला आमच्या जिल्ह्याचं लिंग गुणोत्तर ११२२ होतं. राज्यात पहिला नंबर. कॉलेजात असताना आमच्या सरांनी फळ्यावर लिहून 'कोकणात स्त्रीचा मान' असा निबंध लिहायला लावला होता. माझ्या आजीला वाचून दाखवला. ती म्हणाली, 'मेल्या, बाप्ये सगळे मुंबयक, मग उरतला कोण?'

त्याच जनगणनेत मुंबई शहर ८३२. तेच बाप्ये, फक्त मोजताना गिरगावात आणि परळात सापडले. सहा वर्षांखालच्या पोरांचं बघाल तर रत्नागिरीतही मुली मुलांपेक्षा कमीच.

१०२० चंही तसंच. तो जनगणनेचा आकडा नाही, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आहे, २०१९-२१ चा. साधारण ६ लाख ३७ हजार घरांत जाऊन माणसं विचारली. बराकी, होस्टेल, बांधकामावरची झोपडी, तिथले पुरुष त्यात सहज सुटतात. आणि म्हाताऱ्या बायका म्हाताऱ्यांपेक्षा जास्त जगतात, त्याही त्यात आल्या. त्याच सर्वेक्षणात आधीच्या पाच वर्षांत जन्मलेल्या बाळांचा आकडा ९२९ आहे. तो कोणी हेडलाईनला घेतला नाही.

उपकेंद्र_वाली_सिस्टर

सगळ्या पुरुष मंडळींनी गणित केलं, पण मूळ प्रश्न कोणी विचारला नाही. खिडकीवाले भाऊ, ही ४१ बाळं तुम्ही कुठल्या रजिस्टरमधून घेतली?

मी एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्स आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. जन्माची नोंद जिथे बाळ जन्मलं तिथे होते, २१ दिवसांत. आता घरी बाळंतपण जवळजवळ होतच नाही. बाळ तालुक्याच्या दवाखान्यात झालं तर नोंद तिकडेच. म्हणजे ग्रामसेवक भाऊसाहेबांच्या रजिस्टरमध्ये वर्षाला पाचसुद्धा नसतील. मग तुमचा फलक भरतो कोण? अंगणवाडी ताई किंवा आशाताई तोंडी सांगते आणि तुम्ही लिहिता, खरं की नाही?

आणि आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. गावची लेक माहेरी येते, तिचं बाळ तुमच्या गावात बारशाचे पेढे वाटतं, म्हणून फलकावर चढतं. गावची सून तिच्या माहेरी गेली, तिचं बाळ सहा महिन्यांनी येतं, तोवर फलक पुसून झालेला असतो. माझ्याकडे एका वर्षी एकच बाळ दोन गावांच्या फलकांवर होतं. ही आजीही खूश, ती आजीही खूश.

आधी कोण तुमच्या गावचं ते ठरवा. नेहमीचं राहणं कुठे, ते धरा.

खिडकी_क्र_३

सिस्टर, तुम्ही आमच्या ऑफिसात कॅमेरा लावलाय का? भाऊसाहेबांच्या रजिस्टरमध्ये २०२३ च्या नोंदी चार. फलकाचे आकडे अंगणवाडी ताईंनी चहाच्या टपरीवर सांगितलेले, मी हातावर पेनने लिहून आणलेले. खरं सांगतो.

काल आणि आज दोन दिवस अंगणवाडी ताई, आशाताई आणि मी तिघं बसलो. त्यांचं सर्वेक्षण रजिस्टर आणि माझी वही. घर घर करत गेलो. माहेरवाशिणींची बाळं काढली, सुनांची घातली. निकाल बघा:

२०२३ : तीन मुलगे लेकींचे होते, ते गेले. सुनांचा एक मुलगा, दोन मुली आल्या. मुलगे २४, मुली १७. गुणोत्तर ७०८.
२०२४ : चार मुली आणि एक मुलगा लेकींचे, ते गेले. सुनांचे तीन मुलगे, दोन मुली आल्या. मुलगे २१, मुली २१. बरोब्बर १०००.

म्हणजे ५७७ चे ७०८ आणि १२११ चे १०००, आणि गावात एकही बाळ नवीन जन्मलं नाही! आशाताई हसून हसून लाल. अंगणवाडी ताई मात्र गप्प होत्या. मग म्हणाल्या, ५७७ वरून मलाही नोटीस आली होती.

नाण्याचंही केलं. पुतणी सहावीत आहे, तिने उडवलं, मी लिहिलं. दहा फेऱ्या, प्रत्येकी ४१. सगळ्यात कमी छापे १६, सगळ्यात जास्त २६. म्हणजे एका 'वर्षी' ६४०, दुसऱ्या 'वर्षी' १७३३. पुतणी म्हणाली, काका, या नाण्याला नोटीस पाठवा.

एक प्रश्न उरला. दोन्ही वर्षं मिळवली तर मुलगे ४५, मुली ३८, गुणोत्तर ८४४. जिल्ह्याचा २०११ चा आकडा ८४२! एवढं जुळलं म्हणजे हे तरी खरं असणार ना?

निवृत्त_अन्वेषक

नाही. इतकं शिकून शेवटी तिथेच पडलात! ८३ बाळांत ३२ ते ४९ मुली नशिबाने होऊ शकतात, म्हणजे ६२७ ते १४४१. त्यात ८४४ हा जिल्ह्याच्या शेजारी येऊन बसला, एवढंच. एसटीत शेजारी बसलेला माणूस आपला नातेवाईक नसतो. पाच वर्षं मिळवलीत, दोनशेच्या वर जन्म झाले, तरी पट्टी ७२० ते १२५० राहते. तुमच्या गावाला हे गुणोत्तर कधीच शोभणार नाही. ते काढूच नका. संख्या लिहा.

आणखी एक, हे जरा जपून. कोणीतरी हुशार अधिकारी येईल आणि म्हणेल, 'पहिली मुलगी असलेल्या घरात दुसरं काय झालं' ते वेगळं लिहा. शास्त्र म्हणून तो प्रश्न अगदी बरोबर आहे, निवड होते ती मुख्यतः तिथेच होते, आणि जिल्ह्याच्या पातळीवर ते काढायलाच हवं. पण ४१ बाळांच्या गावात तसा तक्ता दारात लावलात तर तो तक्ता राहत नाही, तीन-चार घरांची नावं होतात. नाव न लिहिताही.

उपकेंद्र_वाली_सिस्टर

काकांचं शेवटचं वाक्य दोनदा वाचा सगळ्यांनी. आमच्याकडे एका महिन्यात फलकावर मुलगे ४, मुली १ असं होतं. ती एक मुलगी कोणाची, ते शेंबड्या पोरालाही माहीत. तिची आई तिसऱ्या मुलीनंतर दहाव्या दिवशी लसीकरणाला आली, फलकासमोरून जाताना तिने पदर पुढे ओढला. मी तेव्हापासून महिन्याचे आकडे लिहू देत नाही. वर्षाचे लिहा म्हणते. वरून विचारणा झाली की मी खडू संपला म्हणते.

बीडची_लेक

हे वाचून जरा थांबले. तरी काका, तालुक्याचे आकडे कोणी दारात लावत नाही, ते लावायला सांगा कोणाला तरी. सोनोग्राफी केंद्रं तालुक्याला आहेत, फलक मात्र आमच्या पारावर.

निवृत्त_अन्वेषक

ताई, याला मी उत्तर देणार नाही. तुमचंच बरोबर आहे.

खिडकी_क्र_३

२७ जानेवारी. काय झालं ते सांगायला आलो.

सरपंच ताईंना पटवायला दोन दिवस गेले. गणिताने नाही पटलं. मी विचारलं, ताई, २०२५ ला पुन्हा ५७७ आला तर हाच फ्लेक्स, हाच फोटो, आणि तेच तालुक्याचे साहेब. मग म्हणाल्या, फोटो काढा.

कोरलच्या कारागिरांनी सांगितलं तसंच केलं. सगळ्या बाहुल्या एका मापाच्या. २०२३ च्या ओळीत २४ गुड्डे, १७ गुड्ड्या. २०२४ च्या ओळीत २१ आणि २१. हजार नाही, टक्का नाही, बाण नाही. खाली बारीक अक्षरात: 'गावात राहणाऱ्या कुटुंबांची बाळं, माहेरी आलेल्या लेकींची यात नाहीत.' फ्लेक्सवाल्याने ८३ बाहुल्या बघून पन्नास रुपये जास्त घेतले.

ग्रामसभेत भाषणाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. बायका फ्लेक्सपाशी उभ्या राहून मोजत होत्या. एका म्हातारीने काठीने एकेक बाहुली ठोकत शेवटपर्यंत नेलं आणि भांडली, माझ्या नातसुनेच्या जुळ्या मुली आहेत, तुम्ही एकच काढली. अंगणवाडी ताईंनी तिथल्या तिथे रजिस्टर काढलं. म्हातारीचं खरं निघालं! २०२४ ला मुली २२.

आता स्केचपेनने एक बाहुली वाढवली आहे. जरा वाकडी झाली आहे.

कोरलचा_कारागीर

फाईल इथे टाका ना भाऊ, आमच्या पंचायतीलाही दाखवतो.

खिडकी_क्र_३

टाकतो. मजकूर कृतिदेव फॉन्टमध्ये आहे, युनिकोड करून संध्याकाळी टाकतो. २२ वी बाहुली तुमची तुम्ही काढून घ्या.